फाट्यापर्यंतची गाडी

"डॉक्टरसाहेब, गाडी एवढी चांगली आहे, तर ती तुमच्या मुलानं काहून नाही घेतली?"

विचारून टाकलं. आणि विचारून झाल्यावर राखीच्या ध्यानात आलं की दवाखान्याच्या पडवीतला पंखा केवढा कुरकुरतो. आजवर कधी ऐकूच आला नव्हता.

प्रश्न तसा तिचा एकटीचा नव्हता. फिजा आणि कहकशां या तिच्या मैत्रिणी. तिघी पुसदला अकरावी सायन्सच्या एकाच बाकावर बसायच्या आणि उन्हाळ्यातले जादा तास करायचे की बुडवायचे, हेही तिघी मिळूनच ठरवायच्या. आपले बा डॉक्टर कोंडावारांची गाडी विकत घेणार, ही बातमी राखीनं वर्गात अशा थाटात सांगितली होती की फिजाला राहवलं नाही. फिजाच्या अब्बांचं गॅरेज. जुन्या गाड्यांचा विषय निघाला की तिचं नाक आपोआप वर जायचं. ती म्हणाली, गाडी एवढी हिरा आहे तर डॉक्टरचा पोरगा काय आंधळा आहे का? जा, विचारून दाखव. कहकशांनं त्यावर अट चढवली: नाही विचारलंस तर उद्यापासून तू पुन्हा मुकी.

ते 'मुकी' झोंबलं. कारण ते खरं होतं. बंजारा तांड्यावरून पुसदच्या शाळेत आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिला काहीतरी विचारलं आणि तिच्या तोंडून आईच्या जागी 'याडी' निघून गेलं. घरात गोरमाटी बोलणाऱ्या पोरीच्या तोंडून दुसरं काय निघणार? पण वर्ग हसला, आणि राखीनं तोंडाला जे कुलूप लावलं ते दहावी संपेपर्यंत काढलंच नाही. ते निघालं यंदाच्या संमेलनात. सूत्रसंचालन करणारी पोरगी तापानं पडली, मॅडमनी समोर दिसली तिला ढकललं, आणि ती होती राखी. पहिलं वाक्य विसरली. मग मनचंच बोलली. तेव्हाही सभागृह हसलं, पण ते हसू वेगळं होतं, आणि राखीला ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून तिच्या तोंडाला विसावा म्हणून नव्हता. एसटीच्या कंडक्टरशी ती बोले, रेशनवाल्याशी बोले, तांड्याच्या प्रमुखाशी, नायकाशीही मान वर करून बोले. याडी म्हणायची, देवानं इतक्या वर्षांचं बोलणं एकदम पाठवलं वाटते.

तर अशी राखी डॉक्टरांसमोर उभी होती आणि डॉक्टर चष्मा काढून सदऱ्याला पुसत होते. पडवीत खोके बांधून ठेवलेले. दवाखाना बंद करून डॉक्टर मुलाकडे हैदराबादला निघाले होते. दोन्ही काचा पुसून झाल्या तरी ते पुसतच राहिले.

मग म्हणाले, "मुलानं घेतली नाही, कारण तिची बॅटरी संपत आली आहे, बेटा. नवी टाकायची तर गाडीपेक्षा महाग. आणि हे मी लखीरामला पहिल्याच दिवशी सांगितलंय."

राखीला पुढचा प्रश्न आधीपासून पाठ नव्हता, तरी तो आला. "मग बा काय म्हणाले?"

"म्हणाला, साहेब, मी सांभाळून घेईन."

बाहेर रसवंतीपाशी दोघी मैत्रिणी वाट पाहत उभ्या होत्या. विचारलंस? विचारलं. मग काय म्हणाले? राखीनं उसाच्या रसाचा एक मोठा घोट घेतला आणि म्हणाली, हैदराबादेत त्यांच्या बिल्डिंगमध्ये एवढ्या मोठ्या गाडीला जागाच नाही म्हणे. फिजानं नाक खाली घेतलं. कहकशांनं पाठीवर थाप मारली. नव्या सुटलेल्या तोंडानं राखी पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि ते किती सफाईनं निघालं याची तिची तिलाच भीती वाटली.

गाडी तांड्यात येऊन आठवडा होत आला होता.

काय गाडी होती. गर्द निळी, लांबलचक, आत बसलं की बाहेरची धूळ सिनेमातली वाटावी अशी. डॉक्टरांनीही ती नागपुराहून जुनीच आणलेली. पेट्रोलवर चालायची आणि मोबाइलसारखी पिनेला लावून चार्जही व्हायची. चार्ज असेपर्यंत करंटवर धावे, संपला की आपली आपणच इंजिन सुरू करी. डॉक्टरांचा ड्रायव्हर म्हणून लखीरामनं ती इतकी वर्षं चालवली होती की डॉक्टरीणबाई मागे बसल्या की त्यांना डुलकी लागायची, आणि हीच तो आपली पदवी समजायचा. डॉक्टर जाणार म्हटल्यावर नोकरी जाणार, हे उघड होतं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, गाडी तूच घे, झेपेल ते दे. आधी चार दिवस घरी ने, चालवून पाहा, घरच्यांना दाखव, मग सांग.

इथेच घोळ झाला. कारण चार दिवस पाहायला आणलेली वस्तू, असा काही प्रकार तांड्याला ठाऊकच नाही. तांड्यात जे आलं ते आलं. सून असो की बैल असो, दारात आल्यावर त्याला ओवाळायचं असतं. लखीरामनं गाडी सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे पांढऱ्या झेंड्याखाली उभी केली, तोवर बायका ताट घेऊन हजर. नायकानं, म्हणजे गुलाबसिंगनं, स्वतः नारळ फोडला. विस्तवावर तूप-गूळ सोडून भोग लावला. कुणीतरी काचेवर कुंकवाची पाच बोटं उमटवली. बायकांनी गाणं धरलं. आणि गुलाबसिंगनं बॉनेटवर हात ठेवून जाहीर केलं की आपल्या पोराची वरात याच गाडीतून निघणार.

गाडी अजून आपली नाही, एवढं एक वाक्य लखीरामनं तेव्हा म्हणायला हवं होतं. तो नुसता हसत उभा राहिला. राखी तर टाळ्या वाजवत होती. गाडीच्या पलीकडे नंदाबाई, तिची याडी, हाताची घडी घालून उभी होती. तिनं ताटही धरलं नव्हतं आणि गाणंही म्हटलं नव्हतं. कारण डॉक्टरांना झेपेल ते द्यायचं म्हणजे तिच्या दोन म्हशी द्यायच्या, हे तिला माहीत होतं. ढाणकीचा व्यापारी येऊन त्यांच्या कासेला हात लावून गेला होता. त्या दोन म्हशींचं दूध कॅनमध्ये भरून ती रोज सकाळी फाट्यापर्यंत चालत न्यायची, तिथून डेअरीची गाडी उचलायची. घरात मीठ-मिरची यायची ती त्याच कॅनमधून.

आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीनं आपले रंग दाखवायला सुरुवात केली. चार्ज होईना.

गाडीबरोबर एक डबी होती, तिला एकीकडे भिंतीतली पिन आणि दुसरीकडे गाडीत लावायची जाड नळी. पिन लावली की डबीवर हिरवा दिवा लागायला हवा. लागला लाल. लखीराम म्हणाला, करंट कमी हाय. नंदाबाईचा भाऊ प्रेम तांड्यात वायरिंग करायचा, मोटारी दुरुस्त करायचा. त्यानंही तेच सांगितलं आणि कुठून तरी एक स्टॅबिलायझर उचलून आणला. तरी लाल. मग राखीनं गाडीतलं इंग्रजी पुस्तक काढलं. अंगणातल्या बाजेवर बसून, पायावर पाय टाकून, तीन-चार पोरांना भोवती जमवून तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि निकाल दिला: घराला अर्थिंग नाही. अर्थिंग नसलं की डबी करंट घेत नाही. तिला धोका कळतो.

प्रेम मामा डोकं खाजवत म्हणाला, "अर्थिंग? अवं पोरी, अख्ख्या तांड्यात कोणाच्या घरी हाय अर्थिंग? बोर्डाचं तिसरं भोक तं निस्तं शोभेले असते."

पण पोरीनं सांगितलं म्हटल्यावर खड्डा खणला. घरामागे, गोठ्याच्या भिंतीलगत, कमरेएवढा. त्यात लोखंडी पाइप उभा केला, कोळसा टाकला, खडेमीठ टाकलं, वायर घरात आणली आणि वरून दोन घागरी पाणी ओतलं. पिन लावली. हिरवा! राखी नाचली. त्या रात्री ती झोपेपर्यंत दर थोड्या वेळानं उठून दिवा पाहत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

वैशाखातली काळी माती. वरून तिला हात-हात भेगा पडलेल्या. ओतलेलं पाणी ती एका दिवसात पिऊन टाकी आणि माती सुकली की अर्थिंग मेलं. पुस्तकात यावर काही नव्हतं. प्रेम मामा म्हणाला, ओल ठेवा लागन, दुसरा इलाज नाही. म्हणजे रोज दोन घागरी, कधी तीन. आणि तांड्याची विहीर चैत्रातच तळाला गेली होती. टँकर एक दिवसाआड यायचा, त्याच्या नळीभोवती बायका कोपरांनी बोलायच्या, आणि मिळालेलं पाणी ड्रममध्ये जायचं. त्यातलं माणसांचं किती आणि म्हशींचं किती, हे नंदाबाईच्या डोळ्यांना ड्रम न उघडता कळायचं.

आता त्यात तिसरा वाटेकरी आला.

पहिले दोन दिवस नंदाबाईनं काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी घागर घेऊन लखीराम गोठ्यामागे निघाला तेव्हा म्हशींनी पाण्याचा आवाज ऐकून माना वळवल्या, दावं ताणलं. घागर त्यांच्या समोरून गेली आणि भिंतीपलीकडे जमिनीत रिकामी झाली. नंदाबाई दारात उभी राहून ते पाहत होती. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टरची गाडी पाणी बी पिते, हे नव्हतं सांगितलं कोणी."

त्यानंतर नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे झाले. जे काही सांगायचं ते राखीच्या मार्फत. सांग तुह्या बाले, भाकर झाली. सांग तुह्या याडीले, भूक नाही. राखीला आधी याची गंमत वाटली. ती दोघांचे निरोप नक्कल करून पोचवायची. डॉक्टरांना प्रश्न विचारून आली त्या दिवसापासून मात्र गंमत गेली.

त्या दिवशी एसटीतून उतरून ती फाट्यावरून तांड्याकडे चालत आली तेव्हा लखीराम गाडी पुसत होता. पाण्यानं नव्हे, फडक्यानं, कोरडी. कुंकवाची पाच बोटं तेवढी त्यानं काचेवर राहू दिली होती. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. राखीनं दप्तर ठेवलं, आणि हल्ली ती जशी सगळ्यांना विचारायची तसंच विचारलं, फक्त आवाज बारीक निघाला.

"बा, बॅटरी गेली हे तुमाले माहीत होतं?"

फडकं क्षणभर थांबलं, पुन्हा फिरायला लागलं. "कोणं सांगतलं?"

"डॉक्टरसाहेबांनी."

"माहीत होतं."

"मंग काहून घेऊन राह्यले?"

लखीरामनं फडकं झटकलं, घडी केली, खांद्यावर टाकलं. मग जे सांगितलं ते त्यानं आजवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टर जाणार हे कळलं त्याच आठवड्यात तो पुसदच्या सगळ्या मोठ्या दवाखान्यांत जाऊन आला होता. स्वच्छ पांढरे कपडे घालून, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. आता कोणी ड्रायव्हर ठेवत नाही. नवे डॉक्टर स्वतःच चालवतात, त्यांच्या बायकाही चालवतात. एका व्यापाऱ्यानं वय विचारलं आणि चहा पाजून परत पाठवलं. एका ठिकाणी काम होतं. नव्या दवाखान्याच्या गेटवर, शिट्टी घेऊन बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या लावून द्यायच्या.

"दिवसभर दुसऱ्याच्या गाड्या मागं घ्या, पुढं घ्या म्हणत बसू?" लखीराम म्हणाला. "मले स्टेअरिंगशिवाय काहीच येत नाही, बाई. सवताची गाडी असली तं कोणी वय नाही इचारत. नायकाच्या पोराची वरात झाली का आजूबाजूचे चार तांडे बलावतीन. पेशंट नेईन यवतमाळले. बॅटरी नसली तं पेट्रोलवर चालन."

"पेट्रोल किती पिते ते?"

त्यानं खांद्यावरचं फडकं पुन्हा काढलं. राखी पुस्तकातला आकडा वाचून बसली होती, आणि त्याला तो चालवून माहीत होता. एवढ्या वजनाची गाडी निव्वळ पेट्रोलवर यवतमाळला नेऊन आणली तर पेशंटकडून जे मिळेल ते पंपावरच ठेवून यावं लागेल. आणि वराती काय, उन्हाळ्यात चार. बाकीचं वर्ष गाडी अंगणात उभी.

"याडीले सांगू नको," तो म्हणाला.

राखीनं मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

पण नंदाबाई काही कमी नव्हती. तिनं नवऱ्याचा चेहरा वाचला, पोरीची बंद झालेली बडबड वाचली, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना, अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच थेट लखीरामकडे पाहून बोलली. व्यापारी परवा म्हशी न्यायला येतो म्हणते. मले गाडीतलं काही कळत नाही अन् तुमाले गाडीशिवाय काही दिसत नाही. राखीले इंग्रजी येते. तिनं पुस्तक वाचलं. पोरगी म्हणन ते. घ्या म्हणली तं मी सवता म्हशींचं दावं सोडून देईन, डोयातून पाणी काढणार नाही. नको म्हणली तं नको.

लखीरामनं घास खाली ठेवला. त्याला वाटलं असेल, पोरगी आपल्याच बाजूची; टाळ्या वाजवणारीच तर आहे. तो म्हणाला, "चालते. राखी म्हणन ते."

आणि दोघांनी राखीकडे पाहिलं. गेल्या काही महिन्यांत तिला कुणी काही विचारलं की तिच्या अंगात वारं शिरायचं. या खेपेला मात्र ती ताटातली भाकर मोडत राहिली. आपलं बोलणं कुणीतरी ऐकावं म्हणून तिनं केवढी धडपड केली होती. आता घरातली दोन माणसं ऐकायला बसली होती, आणि तिला ती पाठीमागच्या बाकावरची मुकी पोरगी पुन्हा व्हावंसं वाटत होतं.

तिनं एक दिवस मागून घेतला. म्हणाली, आधी एकदा पुरी चार्ज करू, आणि तिघं बसून पाहू, करंटवर कुठवर जाते ते. बानं तिच्याकडे पाहिलं. बॅटरी गेली आहे हे तो तिथंच याडीला सांगू शकला असता. नाही सांगितलं. टँकर येऊन गेला होता. त्यानं स्वतःच घागर उचलली आणि गोठ्यामागे नेऊन ओतली. मग दुसरी, मग तिसरी.

दुपार उतरल्यावर गाडीच्या काट्यानं पुरी भरल्याचं दाखवलं. लखीराम आतून आला तो पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून, डॉक्टरांकडे जायचा तसा. केसांना पाणी लावलेलं. त्यानं मागचं दार उघडून धरलं.

"मी काय डॉक्टरीण हाय?" नंदाबाई म्हणाली आणि वळसा घालून पुढच्या सीटवर जाऊन बसली. पदर नीट केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. राखी मागे.

गाडी निघाली ते कळलंच नाही. घरं मागे सरकायला लागली तेव्हा कळलं. आवाज नाही, धूर नाही, हिसका नाही. मंदिराचा झेंडा गेला. गुलाबसिंग नायक ओट्यावर बसला होता, त्यानं हात वर केला. रस्त्यात बसलेली शेळी अगदी जवळ येईपर्यंत उठली नाही; लखीराम हॉर्न न वाजवता थांबला, ती आपल्या सवडीनं गेली, मग तो निघाला. खड्डा कुठे आहे हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. आरशात राखीला त्याचा चेहरा दिसत होता. असा चेहरा तिनं घरात कधी पाहिला नव्हता. हा माणूस रोज सकाळी निघून जायचा तो कुठे जायचा, ते तिला आत्ता दिसलं.

कोरडा नाला ओलांडला. नंदाबाईचा एक हात मांडीवरून उठला आणि पुढच्या काळ्या फळीवर हळूच टेकला, गाभण म्हशीच्या पोटावर टेकवायची तसा.

"पाण्यावानी चालते व," ती म्हणाली.

लखीराम हसला. इतक्या दिवसांनी याडीच्या तोंडून गाडीबद्दल चांगला शब्द निघाला होता. राखीला वाटलं, आता इथंच रस्ता संपावा. काट्याकडे पाहू नये, म्हणून तिनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

फाट्याची चिंच दिसायला लागली आणि गाडीच्या पोटात काहीतरी खाकरलं. मग गुरगुर सुरू झाली. पायाखाली थरथर आली. काट्यावर चार्जच्या जागी शून्य होतं.

नंदाबाईनं हात मागे घेतला. "हे काय झालं?"

"काही नाही. पेट्रोलवर आली."

"अन् आत्तापर्यंत?"

"करंटवर होती."

नंदाबाईनं बाहेर पाहिलं. चिंचेखाली तो दगड होता, ज्यावर कॅन टेकवून ती डेअरीच्या गाडीची वाट पाहत बसायची. रोज बसून बसून दगड एका बाजूनं गुळगुळीत झाला होता.  ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"येवढं तं माहं रोजचं पायी चालणं हाय," ती म्हणाली.

 लखीरामनं स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत. तसेच ठेवून तो समोरच्या डांबरी रस्त्याकडे पाहत राहिला. तो रस्ता पुसदला जात होता, पुढे यवतमाळला, नागपूरला. मग त्यानं गाडी वळवली. परत येताना इंजिनचा आवाज सगळ्या तांड्यानं ऐकला. शेळ्या आधीच बाजूला झाल्या.

घरी आले तेव्हा म्हशी हंबरत होत्या. ड्रममध्ये तळाला पाणी होतं. नंदाबाईनं ते बादलीत काढलं, एकीपुढे ठेवलं, अर्धं झाल्यावर ओढून घेऊन दुसरीपुढे ठेवलं. पहिली मान लांब करून बादलीकडे पाहत राहिली.

लखीराम गाडीच्या दाराला टेकून उभा होता. पांढरे कपडे अजून अंगावर होते. राखी अंगणात आली तशी त्यानं मान वर केली, आणि तिनं तोंड उघडायच्या आधीच, हळू आवाजात विचारलं:

"मंग मी काय करू?"

राखीकडे हल्ली प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. तिनं आत शोधलं. गेटवरची शिट्टी होती. पुण्याला जाऊन कुणाच्या कंपनीच्या गाडीवर, या वयात, खोलीत सहा जणांबरोबर, असं एक होतं. नायकाला काय सांगायचं, ओवाळलेली गाडी परत कशी करायची, तांडा पाठीमागे काय म्हणेल, हे सगळं होतं. गाडी घेतली तर म्हशी गेल्या, आणि पाऊस लागायच्या आत गाडीही अंगणात मेली. गाडी परत दिली तर बाच्या हातातलं स्टेअरिंग गेलं.   

नंदाबाई रिकामी बादली घेऊन गोठ्याच्या दारात येऊन थांबली. 

राखी दोघांच्या मधोमध उभी राहिली. संमेलनात माइकसमोर उभी राहिली होती तशी, पाय जोडून. या खेपेला पहिलं वाक्य ती विसरली नव्हती. विसरली असती तर बरं, असं तिला वाटलं.

"बा, याडी, आयका," ती म्हणाली. "गाडी घ्याची नाही. उद्या सकाळी परत नेऊन देऊ. नायकाले मीच सांगीन. अन् बा, पुसदपर्यंत तुमीच चालवा."